तीस रस्त्यांवरचा नेपच्यून

आमच्या झोर्या गावात स्टेफी प्रोकोपचुककडे कुणी शिडी मागायला गेलं, तर शिडी मिळते. नाही म्हणणारी बाई नाही ती. पण शिडी देण्याआधी ती तिच्या पायऱ्या मोजते, आणि शिडी परत आली की पुन्हा मोजते. शिडीची पायरी कोण काढून घेणार, असं तिचा नवरा नेस्टर विचारायचा. "घेणारे घेतात," एवढंच ती म्हणायची, आणि त्या घेणाऱ्यांत आपणही धरलेले आहोत हे नेस्टरला बरोबर कळायचं.

हा स्वभाव तिचा जन्मापासूनचा नव्हता. सोळाव्या वर्षी ती डेअरीत लागली, तिथं दुधाबरोबर येणारी अंडी तपासायच्या कामावर. अंधाऱ्या खोलीत एका दिव्यासमोर एकेक अंडं धरायचं, आत रक्ताचा ठिपका आहे का, पोकळी वाढली आहे का ते बघायचं, आणि नासकं बाजूला काढायचं. वरून सगळी अंडी सारखीच पांढरीस्वच्छ. लग्न होईपर्यंत तिनं दुसरं काही केलं नाही. पुढं माणसंही ती तशीच बघायला लागली, उजेडासमोर धरून, फिरवून फिरवून. नवा फादर आला की त्याच्या पहिल्या प्रवचनाला ती पुढच्या बाकावर बसायची, आणि घरी येऊन म्हणायची, "गोड बोलतो. बघू."

नेस्टरलाही तिनं असंच बघून घेतलं होतं. तो गावातल्या धान्याच्या कोठारावर एजंट होता. शेतकऱ्याचा ट्रक वजनकाट्यावर घ्यायचा, गहू मुठीत धरून वास घ्यायचा, प्रत लावायची. त्याच्या काट्याबद्दल कुणाची कधी तक्रार आली नाही, आणि स्टेफीला त्याचा फार अभिमान होता, पण तो तिनं त्याला कधी कळू दिला नाही. मग रेल्वेनं आमचे रूळ उखडून नेले, कंपनीनं कोठाराला कुलूप लावलं, आणि पन्नाशी उलटलेल्या नेस्टरला सकाळी उठून जायला जागा उरली नाही. एक हिवाळाभर तो खिडकीशी बसून राहिला. वसंतात बर्फ वितळलं तसा उठला आणि म्हणाला, "मी सूर्यमाला बांधणार."

"कुठं?" स्टेफीनं विचारलं.

"रस्त्यावर."

आमच्याकडे जमीन सपाट आणि रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ. दर मैलाला एक उभा रस्ता आडव्या रस्त्याला कापून जातो. त्यामुळं अंतर कुणी मैलात सांगत नाही, रस्त्यांत सांगतात. चर्च एकोणीस रस्ते, तळं सव्वीस रस्ते. नेस्टरनं कुठल्याशा पुस्तकात वाचलं की सूर्यापासून पृथ्वीपर्यंतच्या अंतराला एक खगोलीय एकक म्हणतात, आणि बाकीच्या ग्रहांची अंतरं त्याच मापानं मोजतात. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एक रस्ता, एक एकक. देवानं सूर्यमाला जणू आमच्या तालुक्यासाठीच आखली होती.

सूर्य त्यानं कोठाराच्या भिंतीवर रंगवला. मापानं काढायचा तर भिंत पुरेना, म्हणून तो दोन्ही बाजूंनी कापलेला आहे. पुढं रंगाचे पोपडे निघाले तेव्हा शिडीवर चढायचा कंटाळा करून नेस्टरनं जाहीर केलं, की ते सौरडाग आहेत, खऱ्या सूर्यावरही असतात. पहिल्या रस्त्यावर पृथ्वी आहे. ती संडासाच्या टाकीत तरंगतो तो गोळा निळा-हिरवा रंगवून केलेली. शेजारी तारेवर चंद्र, कपाटाची मूठ. पाच रस्ते ओलांडून थोडं पुढं गेलं की पुरुषभर उंचीचा गुरू, त्याच्यापुढं शनी, ज्याची प्लायवूडची कडी दर वादळात उडून कुणाच्या तरी शेतात सापडते. चर्चच्या कुंपणापाशी युरेनस. आणि तिसाव्या रस्त्यावर, हाल्वर ब्रेक्केच्या फाटकासमोर, नेपच्यून. तो तळ्यात खुणेला तरंगणारा जुना बोया आहे, गर्द निळा रंगवलेला. प्लूटो त्याच्याही पलीकडे. नेस्टर गेला त्याच्या पुढच्या वर्षी शास्त्रज्ञांनी प्लूटोला ग्रहांच्या पंगतीतून उठवलं आणि बटुग्रह केलं. स्टेफीनं ते बातम्यांत ऐकलं आणि म्हणाली, "बघा, त्यानं डोळे मिटायचीच वाट बघत होते."

हे सगळं नेस्टरनं मागं ठेवलं, आणि स्टेफी ते सांभाळते. दर शरदात, बर्फ पडायच्या आत, बादली आणि फडकी घेऊन ती एकेक ग्रह धुऊन काढते. नेस्टरबद्दल ती फारसं बोलत नाही. ग्रह मात्र घासून घासून धुते.

हाल्वर ब्रेक्के नेस्टरचा जुना दोस्त. पंचायतीचा ग्रेडर चालवायचा, म्हणजे आमचे खडीचे रस्ते सपाट करायचं आणि हिवाळ्यात त्यांवरचं बर्फ लोटायचं काम. बायको वारल्यावर दर रविवारी तो प्रोकोपचुकांकडे पत्ते खेळायला यायचा. नेस्टर गेल्यावरही येत राहिला. हिवाळ्यात पहाटे येऊन स्टेफीच्या दारातलं बर्फ काढून जायचा, आणि ती पडद्याआडून बघायची, की हा आणखी काही तर काढून नेत नाही ना.

सप्टेंबरात, पत्ते पिसता पिसता हाल्वर म्हणाला, "स्टेफी, बर्फ पडायच्या आत माझ्याकडे राहायला ये."

"का?"

"का म्हणजे? दोन घरं तापवायची, दोन किटल्या उकळायच्या. लग्न करायचं तर करू. नसेल करायचं तर फादरला काय सांगायचं ते तू ठरव."

"तुला काय मिळणार त्यातनं?"

हाल्वर पत्ते पिसतच राहिला. "तू मिळशील," तो म्हणाला.

असलं उत्तर तिला कुणी आयुष्यात दिलं नव्हतं. तिनं गावजेवणापर्यंतची मुदत मागून घेतली. कापणी उरकली की आमच्या हॉलमध्ये टर्कीचं गावजेवण होतं, तिथं उत्तर देईन म्हणाली.

मग महिनाभर तिनं त्या माणसाला दिव्यासमोर धरलं. घर हवं असेल? त्याचं तिच्यापेक्षा मोठं होतं. जमीन? त्यानं स्वतःचीच भाड्यानं दिलेली. तिच्या हातची, बटाटा भरलेली पिरोही? पिरोहीसाठी बाई घरात आणायची गरज नव्हती, ती दर रविवारी त्याला पुडक्यात बांधून देतच होती. कुठंच ठिपका दिसेना. आणि खरं सांगायचं तर तिला हो म्हणायचं होतं. सकाळी एकटीची किटली ठेवताना तिला ते स्पष्ट कळायचं. आपल्याला हो म्हणावंसं वाटतंय, ह्याच गोष्टीचा तिला सगळ्यांत जास्त संशय आला.

त्याच सुमाराला नेस्टरचा ट्रक बंद पडला. त्याचा मीटर तर किती वर्षांपूर्वीच मेला होता. स्टेफीनं एक जुनी ब्यूक मोटार घेतली. ती सीमेपलीकडच्या देशातून आलेली, त्यामुळं तिचा मीटर मैलांचा. गावात बाकी सगळ्यांचे किलोमीटरचे. विकणाऱ्यानं दाखवलं, की हे बटण दाबलं की आकडा शून्यावर येतो आणि पुन्हा पहिल्यापासून मोजतो. स्टेफीला एवढी आवडलेली वस्तू कुणाच्या आठवणीत नाही. कोणी गाडी मागायला आलं की ती बटण दाबूनच किल्ली द्यायची.

गावजेवणाच्या आदल्या आठवड्यात ती ग्रह धुवायला निघाली. प्लूटो दुसऱ्या दिवसावर टाकून, लांबच्या टोकापासून सुरुवात करायची म्हणून कोठारासमोर बटण दाबलं आणि थेट नेपच्यूनकडे गेली. खांबापाशी थांबली, हँडब्रेक ओढला, आणि मीटरवर नजर गेली.

तीस पूर्णांक चार.

ती बराच वेळ तो आकडा बघत बसली. नेपच्यून तीस एककांवर, हे नेस्टरनं तिला इतक्या वेळा सांगितलं होतं की झोपेतून उठवलं तरी तिनं सांगितलं असतं. नेस्टर चुकत नसे. मग हे वरचे चार आले कुठून? ती खाली उतरली. खांबाच्या बुडाशी खडी ताजी होती, पायानं उकरली तर खालची माती भुसभुशीत. बाकी सगळे खांब सिमेंटात रोवलेले. नेपच्यूनच्या वेळी थंडी आली आणि सिमेंट धरेना, म्हणून हा एकच नुसत्या खडीत उभा होता. उपटायला सोपा. तिच्या मनात पाल चुकचुकली, आणि खोटं कशाला सांगू, त्याबरोबर थोडं हायसंही वाटलं. ठिपका सापडला होता.

फाटकातून हाल्वर दोन कप कॉफी घेऊन आला. दरवर्षी यायचा.

"आज लवकर आलीस."

"खांबाला हात लावला होतास का?"

"वसंतात जरा सरळ केला. गोठलेली जमीन सुटली की वर ढकलते ना सगळं. वाकला होता."

"जरा म्हणजे किती?"

"जरा म्हणजे जरा. का गं?"

"काही नाही. विचारलं."

तिनं कॉफी घेतली नाही. बोयावर पाणी ओतताना तिनं मागं नजर टाकली. मीटरचे तीस जिथं भरले असते ती जागा मागं राहिली होती, वाळलेल्या लव्हाळ्याच्या डबक्याजवळ. आणि खांब उभा होता तो अगदी हाल्वरच्या फाटकासमोर, त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल असा. तो दरवर्षी इथंच असायचा असं तिला आठवत होतं, पण आठवणीपेक्षा आकड्यावर तिचा भरवसा जास्त. दरवर्षी ती इथं येणार, आणि हा कॉफी घेऊन बाहेर येणार. आता तिला सगळं नीट जुळल्यासारखं वाटलं.

घरी येऊन तिनं नेस्टरच्या बहिणीला, ओडार्काला, फोन लावला. ओडार्काला एक गोष्ट सांगितली की ती गावाला सांगायची वेगळी गरज राहत नाही.

"वहिनी, तुझं काहीतरीच," ओडार्का म्हणाली. "एवढ्या थंड जमिनीतून म्हातारा माणूस खांब उपटेल आणि पुढं नेऊन रोवेल? कशाला?"

"मला फाटकाशी आणायला."

"हे खरं असेल तर तू नशीबवान आहेस. माझ्यासाठी आमच्या ह्यांनी कधी खुर्ची हलवली नाही."

"हसू नकोस. ती नेस्टरची खूण होती. त्यानं मोजून ठेवलेली. मेलेल्या माणसाचं मोजलेलं हलवणारा माणूस उद्या माझ्या घरात काय काय हलवेल?"

ह्यावर ओडार्का हसली नाही. स्टेफीला खरंच लागलं होतं, हे तिला आवाजावरून कळलं.

गावजेवणाला हॉल गच्च भरला होता. टर्की कापली जात होती, कोबीच्या पानांत भात गुंडाळलेल्या होलुब्त्सीच्या पातेल्यांतून वास येत होता, आणि पोरं सफरचंदाच्या पायच्या टेबलाभोवती घुटमळत होती. हाल्वरनं कोट घातला होता. त्याच्या कोटात यायचं कारण निम्म्या हॉलला ठाऊक होतं. तो ताट घेऊन स्टेफीसमोर येऊन बसला, आणि आजूबाजूची माणसं उगाच आपापल्या बटाट्यांकडे बघायला लागली.

"स्टेफी," तो म्हणाला.

"आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. मी मीटर लावून गेले होते. नेपच्यून तीसवर नाही. पुढं सरकलाय. कुणी सरकवला?"

तिनं आवाज चढवला नव्हता, पण बोलणं आजूबाजूच्या टेबलांपर्यंत गेलं. कुणीतरी म्हणालं की खांब कसा सरकेल, तो काय धूमकेतू आहे का. दोघंचौघं हसली आणि गप्प झाली. हाल्वर तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं भिंतीकडे बघितलं. तिथं गावातल्या गेलेल्या माणसांचे फोटो टांगलेले आहेत, आणि कोठाराच्या काट्याशेजारी उभा असलेला नेस्टरचाही आहे.

"मी," तो म्हणाला.

"तू."

"हो. मीच हलवला. सोमवारी काढून बरोबर जागी लावतो."

स्टेफीला वाटलं होतं की तो नाही म्हणेल, मग आपण खडीची गोष्ट काढू, मग तो अडखळेल. ती त्या सगळ्याची तयारी करून आली होती. नुसत्या ‘हो’वर काय बोलायचं हे तिनं ठरवलंच नव्हतं.

"मग तुझ्या प्रश्नाचंही उत्तर ऐकून घे," ती म्हणाली. "नाही."

हाल्वरनं मान हलवली. ताटात होतं तेवढं खाल्लं, कारण आमच्याकडे ताटात टाकून उठत नाहीत, आणि कोट चढवून निघून गेला. ओडार्का पातेलं घेऊन आली आणि न विचारता वहिनीच्या ताटात आणखी एक होलुब्त्सी वाढून गेली. स्टेफीनं ती तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी रविवारी पत्ते झाले नाहीत.

सोमवारी सकाळी ती उठली ती तडक गाडीत बसली. हाल्वर खांब कुठं लावतो ते बघायलाच हवं होतं. एकदा हलवणारा पुन्हा हलवेल. कोठारासमोर, कापलेल्या सूर्याखाली, तिनं बटण दाबलं. ह्या वेळी तिनं ठरवलं होतं की एकेक ग्रह तपासत जायचं, म्हणजे नंतर कुणी काही बोलायला नको.

पृथ्वी बरोबर होती. मंगळ बरोबर. गुरूपाशी आकडा बदलायच्या बेतात होता, तिनं सोडून दिलं. शनीपाशी मात्र तिनं गाडी थांबवली. साडेनऊ हवे होते, मीटर साडेनऊच्या पुढं गेला होता. स्टेफीनं डोळे बारीक केले. शनी कुझिकांच्या बांधावर आहे. म्हणजे कुझिकपण? कुझिकच्या बायकोनं परवा हॉलमध्ये तिला जरा जास्तच आग्रहानं पायचा तुकडा वाढला होता, ते आता तिच्या लक्षात आलं.

युरेनसपाशी चूक आणखी वाढलेली. आता हाल्वर, कुझिक, आणि चर्चचा फादर, तिघांचा कट झाला. ती तणतणत खाली उतरली, खांबाला धरून हलवून बघितलं, आणि खाली बघितल्यावर तिचा हात तसाच राहिला.

खांबाच्या बुडाशी सिमेंटचा चौथरा होता. ओल्या सिमेंटात एक हात उमटवलेला, उजवा, करंगळी अर्धी. ती अर्धी करंगळी नेस्टरनं तरुणपणी कोठारातल्या यंत्राच्या पट्ट्यात गमावली होती. हा खांब त्यानं रोवला त्या दिवसापासून इथून हललेला नव्हता. हलूच शकत नव्हता.

ती चर्चच्या पायरीवर बसली. समोर दोन रस्ते एकमेकांना कापून जात होते. अलीकडच्या शेताचं कुंपण रस्त्याच्या ह्या कडेला संपत होतं आणि पलीकडच्या शेताचं त्या कडेला सुरू होत होतं. मध्ये रस्ता. रुंद, खडीचा, दोन्हीकडे चर असलेला. जमीन मोजणाऱ्यांनी शेतकऱ्याला मैलभर जमीन दिली ती कुंपणापासून कुंपणापर्यंत, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. रस्ता त्या मैलात नाही. रस्ता वेगळा सोडलेला, सरकारचा. म्हणजे आमचा एक रस्ता हा मैलापेक्षा थोडा लांब, एका रस्त्याच्या रुंदीएवढा. एकदोन रस्त्यांत ते कुणाला कळणार? पण तीस ओलांडले की तीस रुंद्या साठतात. जन्मभर आम्ही सगळे रस्ते मोजत आलो आणि रस्त्यालाच धरायला विसरलो. नेस्टरसुद्धा. ज्याच्या काट्याबद्दल कधी तक्रार आली नाही तो नेस्टर.

आणि मग तिला दुसरी गोष्ट कळली. हाल्वरनं काहीच हलवलेलं नव्हतं. आणि आत्ता ह्या क्षणी तो नेपच्यून उपटत होता.

त्या ब्यूकनं एवढा वेग आधी कधी बघितला नसेल. स्टेफी पोचली तेव्हा बोया गवतात पडलेला होता आणि हाल्वर गुडघाभर खड्ड्यात उभा राहून खांब हलवत होता. शेजारी त्याचा ट्रक, खडीनं भरलेला.

"ये," तो म्हणाला. "मीटर लावून आलीस ना? दाखव कुठं घालायचा. डबक्याजवळ येईल बहुतेक."

"युरेनस तू हलवलास का?"

"नाही."

"शनी?"

"नाही."

"मग खोटं का बोललास?"

हाल्वरनं फावडं टेकवलं. "हा एकच माझ्या दारात होता. बाकीचे माझ्यावर कसे घेणार?"

स्टेफी खड्ड्याच्या कडेला आली. "तुला ठाऊक होतं."

"मी जन्मभर ह्या रस्त्यांवर ग्रेडर फिरवला, स्टेफी. रस्त्याची रुंदी मला ठाऊक नसेल तर कुणाला असेल?"

"नेस्टरला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. हा खांब रोवला त्याच दिवशी. तिथं बसला होता, त्या चराच्या कडेला. मग म्हणाला, स्टेफीला कळू देऊ नकोस."

स्टेफीनं त्या चराकडे बघितलं. तिनं विचारलं, "मी काय केलं असतं त्याला?"

"काही नाही."

"मी ओरडले असते? गावात सांगत फिरले असते?"

"नाही गं. तू नुसतं बघितलं असतंस." हाल्वर नको असलेलं बोलतोय हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण तो थांबला नाही. "तो म्हणाला, लग्नाला इतकी वर्षं झाली, ही रोज माझ्यात ठिपका शोधते आणि रोज तिला सापडत नाही. आता ह्या वयात नको सापडायला."

स्टेफी खाली बसली, ओल्या मातीत, चांगल्या कोटासकट. आयुष्यभर तिनं सगळ्यांना उजेडासमोर धरलं, लपवलेलं शोधायला. आणि तिच्या घरात लपवलेली एकच गोष्ट होती, ती तिच्या त्या बघण्याच्या भीतीनं लपवलेली. नेस्टर तिला चुकीचा खांब दाखवून "तीस, बरोबर तीस" म्हणायचा तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल, ते आता तिला त्याला विचारता येणार नव्हतं. तिला फार वाईट वाटलं. ती रडली, आणि हाल्वर खड्ड्यात उभा राहून टोपी हातात फिरवत राहिला.

"पण पुढं ऐक," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी खुशीत आला. पुस्तक घेऊन. नेपच्यूनची कक्षा पूर्ण गोल नसते म्हणे. कधी सूर्याच्या जरा जवळ, कधी जरा लांब. सगळ्यांत लांब जातो, अपसूर्य बिंदू की काय म्हणतात त्याला, तेव्हा तो जवळजवळ ह्या खांबापाशीच येतो. म्हणाला, हाल्वर, त्याची एक फेरी एकशे पासष्ट वर्षांची. एकशे पासष्ट वर्षांतून एकदा का होईना, माझं बरोबर येतं."

हे वाक्य इतकं नेस्टरचं होतं, की रडता रडता स्टेफीला हसू आलं. सौरडागांचा माणूस तो.

तिनं नाक पुसलं आणि उठली. "लाव परत."

"कुठं?"

"कुठं काय? होता तिथं."

मग तिनं दोन्ही हातांनी खांब सरळ धरला आणि हाल्वरनं माती लोटली. ठोकून ठोकून बसवली. वर बोया चढवला. वारा होता, खांब जरासा हललाच.

"परवा हॉलमध्ये मी जे म्हणाले," स्टेफी खांबाकडे बघत म्हणाली.

"सगळ्यांनी ऐकलं ते."

"मग काय, सगळ्यांना परत जेवायला बोलवायचं?"

हाल्वरनं हातावरची माती झटकली. "ओडार्काला सांगितलं तरी चालेल," तो म्हणाला.

स्टेफीनं खांब पुन्हा हलवून बघितला. "हा असा राहायचा नाही. सिमेंट पाहिजे. थंडी पडायच्या आत."

"गावातून आणावं लागेल. माझ्या ट्रकात तर खडी भरलीय."

तिनं कोटाच्या खिशातून ब्यूकची किल्ली काढून त्याच्या हातात दिली. हाल्वरनं किल्लीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"बटण दाबून ये आधी," तो म्हणाला. "नंतर मला विचारशील, कुठं कुठं गेलो होतो."

"तू जा."

"जायचे तीस, यायचे तीस. साठ रस्ते होतील."

"किती का होईनात," स्टेफी म्हणाली, आणि किटली ठेवायला त्याच्या घराकडे चालू लागली.